वनशास्त्राचं एमएस्सी संशोधन पॉलीपिशवीबाहेर कधी पडणार?

ऐन_किंजळ
दापोली असो वा अकोला, आपल्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्र शिकवलं जातं त्याला साधारण चार दशकं झाली. पण एमएस्सीच्या प्रबंधांचे विषय बघा: अमुक बियाण्यावर जिबरेलिक आम्लाचा (उगवण वाढवणाऱ्या संप्रेरकाचा) परिणाम, तमुक छाट्यांना आयबीएच्या (मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या) चार मात्रा, रोपाच्या प्लास्टिक पिशवीत, म्हणजे पॉलीपिशवीत, माती-वाळू-शेणखताची पाच प्रमाणं. झाड कमरेएवढं होण्याआधी प्रबंध बांधून होतो.

कोकणातला खरा प्रश्न वेगळा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक रान मालकीचं. ते ठरावीक वर्षांनी सरसकट तुटतं आणि बुडख्यांच्या धुमाऱ्यांतून पुन्हा उभं राहतं. मालकाचे प्रश्न साधे आहेत. ऐन-किंजळ या इथल्या झाडांचा बुडखा किती उंच ठेवायचा? धुमारे किती राखायचे? आठव्या वर्षी तोडलं तर किती लाकूड आणि पंधराव्या वर्षी किती? याची स्थानिक आकड्यांतली उत्तरं विद्यापीठाच्या वनशास्त्र विभागाने द्यायला हवीत.

माझं म्हणणं असं की प्रत्येक विभागाने स्वतःचे कायमचे प्लॉट आखावेत. एक हेक्टर, २० बाय २० मीटरचे २५ चौकोन, ३० सेंमी घेराच्या वरचं प्रत्येक झाड क्रमांकित. दर पाच वर्षांनी फेरमोजणी. मधल्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी त्याच प्लॉटवर पुनरुत्पत्ती, पालापाचोळा, मातीतला कार्बन, धुमाऱ्यांची विरळणी असा एकेक तुकडा घ्यावा. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातला ५० हेक्टरचा प्लॉट १९८८ पासून मोजला जातोय. तिथे एका माणसाचं काम दुसऱ्याने पुढे नेलं, म्हणून आज त्या आकड्यांना किंमत आहे.

रोपवाटिकावाला
साफ असहमत. एमएस्सीची चार सत्रं. पहिली दोन अभ्यासक्रमात जातात, मग आराखडा मंजूर व्हायचा. प्रत्यक्ष कामाला दहा-बारा महिने, म्हणजे एकच पावसाळा. एवढ्यात प्रामाणिकपणे पूर्ण होईल असा विषय रोपवाटिकेतच मिळतो.

शिवाय रोपवाटिकेचे प्रश्न सुटलेत असं कुणी ठरवलं? लागवडी फसतात त्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पिशवी जमिनीवर टेकवून ठेवली की सोटमूळ तळातून मातीत घुसतं. रोप उचलताना ते तुटतं, किंवा आतल्या आत गोल फिरून गुंडाळी होते. अशी झाडं चार-पाच वर्षं बरी दिसतात आणि मग वादळात मुळासकट आडवी होतात. उपाय माहीत आहे: रूट ट्रेनर (तळाला भोक असलेली रोपांची उभी भांडी) जमिनीपासून उचलून मांडवावर ठेवायचे, म्हणजे मूळ हवेत येऊन आपोआप छाटलं जातं. पण आपल्या कुठल्या जातीला १५० घनसेंमीचं भांडं पुरतं आणि कुठल्या जातीला ३०० चं लागतं, हे कुणीतरी मोजावंच लागेल.

बियाण्याचंही तेच. रस्त्याकडेच्या तीन झाडांचं बी आणून हजार रोपं केली तर सगळी एकमेकांची भावंडं. निदान २५-३० झाडांवरून, एकमेकांपासून शंभरेक मीटर अंतरावरच्या, बी गोळा केलं पाहिजे. कोकमाचं बी वाळवून ठेवलं की मरतं. रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून मादी झाडाच्या फांदीचं मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावरचं) कलम करायचं. माणग्याच्या बांबूला बी धरत नाही, म्हणून कंद नाहीतर काठीचे तुकडे. शेतकऱ्याला आज उपयोगी पडतं ते हे.

मोजपट्टी
दोघांनाही विचारतो: किंजळीची आधी कापणी चाचणी करतं का कुणी? तिची बरीच फळं पोकळ असतात. शंभर फळं चिरून भरलेली किती ते मोजायला एक दुपार लागते. ते न करता पोकळ फळांवर सहा प्रक्रिया केल्या की सगळीकडे पाच-सात टक्के उगवण येते आणि निष्कर्ष निघतो 'प्रक्रियांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही'. रिकाम्या फळात गर्भच नाही, तर आम्ल उगवणार काय? उगवण भरलेल्या बियांच्या प्रमाणात काढा.

आणि एका ट्रेमधल्या शंभर बिया म्हणजे शंभर पुनरावृत्त्या नव्हेत, ती एकच पुनरावृत्ती. चार वेगळे ट्रे हवेत, त्यांच्या जागाही सोडत काढून ठरवलेल्या. सावलीकडच्या टोकाला एकाच प्रक्रियेचे सगळे ट्रे लावले तर मोजमाप सावलीचं होतं.

ऐन_किंजळ
@रोपवाटिकावाला, मुळांच्या गुंडाळीचं उदाहरण तुम्ही दिलंत तेच माझ्या बाजूने आहे. दोष पाचव्या वर्षी दिसतो आणि प्रबंध आठव्या महिन्यात संपतो. '३०० घनसेंमीत रोप ६ सेंमी जास्त उंच आलं' एवढंच कळतं. तेच रोप शेतात लावून पाचव्या वर्षी उपटून मुळं पाहणार कोण? त्यालाच मी कायमचा प्लॉट म्हणतो.

एकाच पावसाळ्यात बसेल अशी मांडणीही आहे. ताज्या तोडीच्या रानात बुडख्याच्या दोनच उंची: १५ सेंमी आणि ४५ सेंमी. राखलेले धुमारे एक, दोन, तीन आणि न छाटलेले. आठ प्रक्रिया, तीन गट, प्रत्येक गटात प्रत्येक प्रक्रियेचे दहा बुडखे: एकूण २४०. पहिला विद्यार्थी मांडतो, धुमारे मोजतो आणि पदवी घेतो. तिसऱ्या वर्षी दुसरा मोजतो, आठव्या वर्षी तिसरा. काप मात्र तिरका आणि धारदार हवा. पाणी साचलं किंवा साल फाटली तर बुडखा कुजतो आणि तुलना उंचीची राहत नाही.

रोपवाटिकावाला
कागदावर छान. आता अडचणी ऐका. गाईड निवृत्त होतात किंवा बदलून जातात. आकडे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये राहतात, तो नोकरीला लागला की संपलं. अ‍ॅल्युमिनियमचे क्रमांकाचे बिल्ले लोक काढून नेतात, वणव्यात रंग जातो. अभयारण्यात असाल तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी, म्हणजे अर्धं वर्ष गेलं. विद्यार्थ्याच्या पदवीवर हा धोका घालायचा का? विभागाला हौस असेल तर प्राध्यापकांनी स्वतः प्लॉट सांभाळावेत.

मोजपट्टी
धोका खरा आहे, पण त्यातला बराचसा हलगर्जीपणा आहे. झाडाचा घेर वर्षाला एखादा सेंमी वाढतो आणि टेप वाकडी धरली की अर्ध्या सेंमीची चूक सहज होते. म्हणून एका वर्षाच्या फरकावरून वाढ काढणं निरर्थक, पाच वर्षं लागतातच. मोजणी दर वेळी त्याच महिन्यात, पावसाने साल फुगते. १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, रंगाचा पट्टा, आणि तिथे गाठ असेल तर नेमकी कुठल्या उंचीवर मोजली याची नोंद. बिल्ल्याचा खिळा मोजणीच्या जागेपासून दूर आणि थोडा बाहेर ठेवून ठोका, नाहीतर झाड बिल्ला गिळतं.

प्लॉटच्या कोपऱ्यांसाठी जीपीएसवर विसंबू नका, दाट झाडीत पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं. लोखंडी पाइप पुरा. उतार विसरू नका: २० अंशाच्या उतारावर आडवे २० मीटर हवे असतील तर टेप २१.३ मीटर सोडावी लागते. हे चुकलं की हेक्टरी आकडा कायमचा चुकीचा.

फील्डबुकची एक प्रत विभागात, एक ग्रंथालयात. कच्चे आकडे जमा केल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही, असा एका ओळीचा नियम कुठलाही विभाग उद्या करू शकतो.

काताचा_खैर
मालकी रानात मालकाशी करायच्या कराराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्लॉट मालकाच्या जागेत असेल तर तोंडी संमतीवर जाऊ नका. लेखी करारात तीन गोष्टी हव्यात: प्रयोगाचं लाकूड कुणाचं, तोड लांबली तर मालकाला भरपाई किती आणि कुणाकडून, आणि १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगी कोण काढणार. जमिनीला सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, सातबारावरची नावं तपासून. भरपाईची रक्कम विभागाकडे आधीच बाजूला ठेवलेली हवी. नाहीतर पैशाची नड आली की सातव्या वर्षी मालक रान ठेकेदाराला देईल आणि त्याला अडवायला विभागाकडे काहीही नसेल.