मदत हवी आहे: हार्ड रिफ्रेश केलं की नवीन पान, एफ-५ दाबलं की पुन्हा जुनं

नमस्कार मंडळी. रिअ‍ॅक्टमधलं एक सिंगल पेज ॲप (एकाच इंडेक्स एचटीएमएल पानावर चालणारं) अलीकडेच माझ्याकडे आलंय. बिल्ड वेबपॅकने (कोडच्या फाइल्स एकत्र बांधणारं टूल) होतो आणि जेएस फाइल्सच्या नावात हॅश असतो, म्हणजे आतला कोड बदलला की बदलणारी अक्षरं. नवीन व्हर्जन लाइव्ह केल्यापासून काहींना नुसतं पांढरं पान दिसतंय, कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन <'. नेटवर्क टॅबमध्ये त्या जेएस फाइलपुढे मात्र व्यवस्थित २००, म्हणजे 'मिळाली'! बाकीच्या काहींना चक्क जुनी स्क्रीन दिसते आणि फॉर्म सेव्ह केला की एपीआय ४०० (चुकीची विनंती) देतो, कारण बॅकएंडला एका फील्डचं नाव बदललंय.

डोकं खाणारी गोष्ट म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-आर केलं की सगळं छान चालतं. लगेच साधं एफ-५ दाबा, पुन्हा पांढरं. डेव्हटूल्समध्ये 'डिसेबल कॅशे'ला टिक करूनही तेच. 'कॅशे क्लिअर करून बघा' हे उत्तर कृपया नको, ते प्रत्येक युजरला कुठे सांगत बसणार?

प्रतिसाद
त्या २०० वाल्या फाइलचा रिस्पॉन्स उघडून बघा. कंटेंट-टाइप टेक्स्ट/एचटीएमएल असणार आणि आत तुमचंच इंडेक्स पान. जुनं इंडेक्स जुन्या हॅशची फाइल मागतंय, ती नव्या बिल्डने उडवली, आणि सर्व्हरला 'फाइल नसेल तर इंडेक्स दे' असं सांगून ठेवलेलं असतं. मग जावास्क्रिप्ट म्हणून एचटीएमएल वाचायला घेतलं की पहिल्याच '<' ला ठेच. स्टॅटिक फोल्डरपुरता तो नियम काढा, तिथे सरळ ४०४ (फाइल सापडली नाही) येऊ द्या. निदान खरा एरर तरी दिसेल.

प्रतिसाद
वरचं बरोबर आहे, पण जुनं इंडेक्स येतंय कुठून? साधी एचटीटीपी कॅशे असती तर हार्ड रिफ्रेशनंतर प्रकरण मिटलं असतं. मला सर्व्हिस वर्करचा संशय आहे, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये बसवलेली स्क्रिप्ट, जी पानाच्या विनंत्या मध्येच अडवून स्वतःच्या साठ्यातून (कॅशे स्टोरेज) उत्तर देऊ शकते. शिफ्ट धरून रिफ्रेश केलं की ब्राउझर तेवढ्या एका लोडपुरता त्याला बाजूला ठेवतो, पुढच्या वेळी तो पुन्हा हजर. 'डिसेबल कॅशे'चा त्याच्या कॅशे स्टोरेजवर परिणाम होत नाही. ॲप्लिकेशन टॅबमध्ये बघा.

धागालेखक
सापडला! जुन्या टीमने कधीतरी रजिस्टर केलेला, आताच्या कोडमध्ये नामोनिशाण नाही. तो कॅशेतून फक्त इंडेक्स देतोय. जुनी जेएस ज्यांच्या ब्राउझरमध्ये शिल्लक आहे त्यांना जुनी स्क्रीन, बाकीच्यांना पांढरं पान, असा हिशेब लागतोय. वर्करची फाइल सर्व्हरवरून डिलीट करू का?

प्रतिसाद
अजिबात नको! डिलीट केली तर ब्राउझरचा अपडेट फसेल आणि लोकांकडे बसलेला वर्कर तसाच राहील. त्याच पत्त्यावर, त्याच नावाने नवी फाइल ठेवा. इन्स्टॉलमध्ये स्किप-वेटिंग (जुना वर्कर जायची वाट न बघता लगेच ताबा घेणं), ॲक्टिव्हेटमध्ये सगळ्या कॅशे पुसायच्या, अनरजिस्टर करायचं आणि उघड्या टॅब पुन्हा लोड करायच्या. बस्स, बाकी काही नको. पान उघडलं की ब्राउझर नवी फाइल आहे का ते स्वतः तपासतो. ही फाइल बरेच महिने राहू द्या, क्वचित येणारे युजरही असतात.

सोबत हेडरही लावा. इंडेक्सला 'नो-कॅशे': ब्राउझर प्रत ठेवतो, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो, बदल नसेल तर ३०४ ('बदल नाही' एवढंच उत्तर) वर भागतं. हॅशवाल्या फाइल्सना मॅक्स-एज ३१५३६००० (सेकंद, म्हणजे एक वर्ष) आणि इम्युटेबल (ही फाइल बदलणारच नाही, पुन्हा विचारू नको). हेडरच नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो. लास्ट-मॉडिफाइडपासून गेलेल्या वेळेच्या १० टक्के हा नेहमीचा आडाखा, म्हणजे १०० दिवसांपूर्वी बदललेलं पान पुढचे १० दिवस ताजं!

प्रतिसाद
एपीआयचं काय? फील्डचं नाव एका रात्रीत बदलू नका. काही काळ बॅकएंडने जुनं-नवं दोन्ही स्वीकारावं. कॅशे कितीही चोख ठेवली तरी जुना फ्रंटएंड कुणाच्या तरी टॅबमध्ये जिवंत असतोच.

धागालेखक
नवा वर्कर टाकला, एफ-५ ला आता नवीनच पान येतंय. खूप आभार. दोन शंका उरल्या. दिवसभर टॅब उघडी ठेवणाऱ्यांना दुसऱ्या पानावर गेलं की 'लोडिंग चंक फेल्ड' येतं (चंक म्हणजे गरज पडेल तेव्हा उतरणारा कोडचा तुकडा). शिवाय बिल्ड सर्व्हरवर 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो, माझ्या मशीनवर नाही. लॉक फाइल (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी) गिटमध्ये नाही, हे आधीपासूनचं.

प्रतिसाद
दुसरीचं उत्तर तुम्हीच दिलंत. लॉक फाइल नसली की '^' वाली पॅकेजेस (म्हणजे 'हे किंवा याच्याशी जुळणारं नवं व्हर्जन चालेल') दोन मशीनवर वेगवेगळी उतरतात. बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट' चालवा, रिअ‍ॅक्टच्याच दोन प्रती दिसण्याची शक्यता बरीच आहे, हा एरर त्यानेही येतो. लॉक फाइल कमिट करा आणि तिथे 'एनपीएम सीआय' वापरा, ते लॉक फाइलमधलीच व्हर्जन्स उतरवतं.

चंकसाठी मागच्या एक-दोन बिल्डच्या फाइल्स सर्व्हरवर राहू द्या. तरीही चंक सापडला नाही तर एरर पकडून पान एकदाच रिलोड करा. 'एकदाच'ची खूण सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, नाहीतर फाइल खरोखरच गायब असेल तेव्हा पान रिलोडच होत बसेल.