हिऱ्याच्या अंगठीला मजबूत सेटिंग कोणतं? नाशिकात करून घ्यायचीय

निफाडची_बाग
नमस्कार मंडळी. आईची हिऱ्याची अंगठी माझ्याकडे आलीय. ३० सेंटचा (०.३० कॅरेट) गोल हिरा, चार प्रॉंगमध्ये म्हणजे सोन्याच्या नख्यांमध्ये उंच बसवलेला, सोनं २२ कॅरेट, अंदाजे ४ ग्रॅम. आई शाळेत शिकवायची, तिच्या हातात ती तीस वर्षं टिकली. मी मात्र रोज द्राक्षाच्या बागेत. परवा थिनिंग (घडातले मणी विरळ) करताना मांडवाच्या तारेत अडकली, मी हात ओढला आणि एक नखी सरळ उभीच राहिली. हिरा बोटाने ढकलला की हलतोय. सध्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून ठेवलाय. सोनं हेच वापरायचंय, वर १५ हजारांपर्यंत जाऊ शकते. सहा प्रॉंग करू की बेझल, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड? सारखी काढून ठेवायची मला सवय नाही हे आधीच सांगते. आणि सराफ बाजारात जाऊ की कॉलेज रोडला?

गंगापूररोडकर
ताई प्लॅटिनममध्येच करा. माझ्या मिसेसची आम्ही गेल्या दिवाळीत ९५० प्लॅटिनममध्ये सहा प्रॉंगची केली, दीड लाखाच्या वर गेली पण हातात घेतल्यावर वजन जाणवतं. प्लॅटिनम सोन्यासारखं झिजून उडत नाही, घासलं तरी जागेवरच दबतं, त्यामुळे नख्या खूप टिकतात. एकदाच खर्च करा.

सुगरण_सिडको
बेझल. दुसरं काही ऐकू नका. माझा २० सेंटचा हिरा होळीच्या दिवशी पुरणपोळीची कणीक मळताना गेला, कधी गेला कळलंसुद्धा नाही, संध्याकाळी बोटाकडे बघते तर रिकामं भोक. उरलेली सगळी कणीक पाण्यात कालवून चाळणीतून गाळली, मोरीची जाळी उघडली, नाही तो नाहीच मिळाला. लग्नातली अंगठी होती. प्रॉंगच्या खाली कणीक, तूप साठत राहतं आणि नखी सुटलेली दिसत नाही. बेझलमध्ये सोन्याची कड सगळीकडून हिऱ्यावर चढलेली असते, अडकायला काही नसतं.

पंचवटी_७२
२२ कॅरेटमध्ये पुन्हा बसवू नका, मऊ पडतं. १८ करा. हिशोब सोपा आहे, ४ ग्रॅम २२ कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं साधारण ३.६६ ग्रॅम, त्याचं १८ केलं की ४.८८ ग्रॅम होतं, घट धरली तरी अंगठीला पुरून उरेल.

आजीची_नात
२२ मऊ असतं हे सरसकट खरं नाही. आमच्या आजीच्या हिऱ्याच्या कुड्या २२ च्या आहेत, साठ वर्षं झाली, एक खडा हलला नाही. दुकानदाराला तुमच्या सोन्यात भेसळ करून हवीच असते.

पंचवटी_७२
कुड्या कानात असतात हो, कानाला तार लागत नाही. आणि १८ म्हणजे भेसळ नव्हे, ७५ टक्के सोनं आणि बाकी चांदी-तांबं, तसा शिक्काच असतो ७५०. हिरेवाले बहुतेक दागिने त्यातच करतात.

निफाडची_बाग
१४ कॅरेट अजून कडक ना? मग ते का नको?

पंचवटी_७२
कडक आहे पण तुम्ही गंधक फवारता. १४ मध्ये चांदी-तांबं जास्त, ते काळवंडतं. १८ ला तो त्रास कमी.

जुना_नाशिककर
सराफ बाजारच. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये काचेच्या दाराचे पैसे घेतात, कारागीर शेवटी इकडचाच. गाडी मात्र आत नेऊ नका, गोदाघाटाच्या बाजूला लावून चालत या.

कॉलेजरोड_कन्या
आणि पावसाळ्यात? २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडाला तेव्हा सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. दुरुस्तीला टाकलेली वस्तू तिथे ठेवायची भीतीच वाटते.

जुना_नाशिककर
पूर आला तेव्हा आम्ही रात्रभर तिजोऱ्या वर हलवल्या, कुणाचं गिऱ्हाइकाचं ग्रॅमभर सोनं गेलं नाही आमच्या ओळीत. उगाच बाजाराचं नाव खराब करू नका.

रोहिणी_ओझर
बेझल +१. माझ्या जाऊबाईंची बेझलच आहे.

सेटिंगवाला
बारा वर्षं हिरे बसवायचं काम केलंय, आता सोडलं. नख्या चार की सहा यावर भांडण्यापेक्षा आधी अंगठीची उंची बघा. हिरा बोटापासून जितका वर तितका तो अडकतो. तळ बोटाला लागणार नाही इतपत खाली घ्या, अर्धं काम तिथेच होतं. नख्यांची टोकं जाड ठेवायला सांगा, पॉलिशमध्ये ती दरवेळी थोडी जातात. बेझल चांगलंच, पण कड दाबताना हिऱ्याच्या कमरेवर जोर येतो, ज्याला गर्डल म्हणतात. हिरा सगळ्यात कठीण असतो म्हणून तो फुटत नाही असं नाही, पातळ गर्डलवर ठोका बसला की कपची उडते. तेव्हा भिंगातून गर्डल बघून मगच ठरवा. हिरा देताना समोर वजन करून पावतीवर सेंटमध्ये लिहून घ्या, आतला एखादा ठिपका कुठे आहे ते स्वतः भिंगातून बघून ठेवा, म्हणजे परत घेताना तोच हिरा ओळखता येतो. नवीन अंगठीवर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कळतं.

दिंडोरी_द्राक्ष
ताई, सगळे हिऱ्याचं बोलतायत, मी बोटाचं बोलतो. माझा मामेभाऊ ट्रॉलीवरून उडी मारताना अंगठी फळीच्या खिळ्यात अडकली, अंगठी मजबूत होती म्हणून तुटली नाही, बोटाची कातडी सोलून निघाली. दोन ऑपरेशनं झाली, बोट अजून पूर्ण मिटत नाही. तुमची नखी वाकली म्हणून तुमचा हात सुटला असं समजा. बागेत अंगठी घालू नका, कोणतंही सेटिंग असो.

गंगापूररोडकर
प्लॅटिनमचं काय ठरलं?

निफाडची_बाग
सगळ्यांचे मनापासून आभार, काम झालं म्हणून कळवते. शनिवारी सराफ बाजारात गेले, घरून बेझल ठरवूनच निघाले होते. कारागिराने भिंग माझ्या हातात दिलं. वाकलेल्या नखीचं सोडा, बाकीच्या तिघींची टोकं कागदासारखी झाली होती, आईच्या बोटात ती अशीच किती वर्षं होती देव जाणे. गर्डल एका बाजूला पातळ निघालं. तरी तो म्हणाला बेझल जमेल, जपून करतो, आणि मेणात हिरा रोवून भोवती सोन्याची चकती धरून दाखवली. मजबूत दिसत होती पण आईची अंगठी दिसत नव्हती. ती वहीवर लाल शेरा मारायची तेव्हा चार नख्यांमधला तो हिरा मी पहिलीपासून बघत आलेय.

म्हणून चारच नख्या ठेवल्या. १८ कॅरेट, टोकं जाड, बैठक जवळजवळ दोन मिलिमीटर खाली. मजुरी ९,२०० झाली. दिंडोरीच्या दादांचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून बागेत जाताना ती आता कुंकवाच्या डबीत आणि डबी देव्हाऱ्यात. चार दिवसांत एकदाच विसरले, मांडवाखालून परत आले आणि काढून ठेवून गेले.

सुगरण_सिडको
चारच का गं, सहा तरी करायच्या होत्यास. असो, आईची आहे, समजलं मला. दर आठवड्याला कानाजवळ धरून हलवत जा, टिकटिक आली तर घालू नकोस. आणि कणकेत हात घालायच्या आधीही काढ.