बाबांच्या नाटकांच्या १४० व्हीसीडी: वाचवता येतील का?

मिरजेची_लेक:
नमस्कार मंडळी. मिरजेचं घर आवरताना माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत १४० व्हीसीडी, जवळजवळ सगळी मराठी नाटकं. प्रत्येक कव्हरवर लाल स्केचपेननं नंबर आणि सोबत दोनशे पानी वही: कुणी नेली, कधी परत आली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ३७ नंबरपुढे अजून त्यांच्या अक्षरात ‘शेजारच्या वहिनी, आणायची आहे’ असं लिहिलेलं आहे.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. भाऊ म्हणतो, आता सगळं ॲपवर मिळतं, भंगारात देऊन टाक. म्हणून एका रात्री वहीतली पहिली वीस नाटकं शोधत बसले. सहा सापडली, त्यातली दोन वेगळ्याच संचातली. बाबांनी जपला तो प्रयोग तो नव्हेच. या डिस्क अजून चालतील का? कॉपी कशी करायची? मला यातलं काही कळत नाही, पण टाकवत नाही.

सीडीवाले_काका:
ताई, टाकू नका. सांगलीत तेरा वर्षं माझी सीडी लायब्ररी होती, म्हणून हक्कानं सांगतो.

आधी भावाच्या म्हणण्याबद्दल. सिनेमा ॲपवर येतो, कारण त्याचा मालक सहसा ठरलेला असतो. नाटकाच्या चित्रीकरणात लेखक, निर्माता, कलाकार आणि व्हीसीडी काढणारी कंपनी, एवढे सगळे येतात. यातलं कुणी वारलं, कुणी धंदा बंद केला. नव्यानं सगळ्यांची संमती जुळवायला कोण बसणार? साधारण २००७ मध्ये २८ रुपयांत नवी कोरी व्हीसीडी मिळायला लागली, तेव्हा लोक लायब्ररीत येईनासे झाले. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण त्याच स्वस्ताईमुळे तुमच्या बाबांसारख्यांच्या घरी ही नाटकं राहिली.

आता काम. यूएसबीचा बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. डिस्कमध्ये ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यातली मोठी .डॅट फाइल म्हणजे नाटक. ती हार्डडिस्कवर कॉपी करा, व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये थेट चालते. एका डिस्कला धरा ७०० एमबी, म्हणजे १४० चे १०० जीबीच्या आसपास. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, म्हणजे लहान आहे. मोठं करायच्या नादाला लागू नका, आहे तशी फाइल ठेवा. आणि दोन ठिकाणी ठेवा.

पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. नाव-चित्र छापलेली बाजू जास्त जपा. सगळ्यांना वाटतं चकचकीत बाजू नाजूक, पण सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. तिथे नख लागलं की तेवढं गेलं. बाबांनी नंबर डिस्कवर न लिहिता कव्हरवर लिहिले, फार शहाणपणाचं केलं.

एक अडचण येईल. जास्त चित्र मावावं म्हणून व्हीसीडीत चूक सुधारण्याची एक पायरी कमी ठेवलेली असते. त्यामुळे डेटा सीडी जो ओरखडा पचवते, तो व्हीसीडीला भोवतो. कॉपी अडकली तर आयसोबस्टर हा खराब डिस्कमधून फाइल काढणारा प्रोग्राम वापरून बघा.

एडिसनहून:
काकांशी सहमत. इथे अमेरिकेत नेटफ्लिक्सची भाड्याची डिस्क लाल पाकिटातून टपालानं आमच्या घरी वर्षानुवर्षं यायची. २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी शेवटच्या डिस्क पाठवल्या आणि त्या ग्राहकांना ठेवून घ्यायला सांगितल्या. मी आमची ठेवलीय.

ॲपवर ‘विकत’ घेतलेला सिनेमा म्हणजे बघण्याचा परवाना असतो, तो काढून घेता येतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. तुमच्या ट्रंकेतलं मात्र कुणाला दूरवरून काढून घेता येत नाही.

मिरजेची_लेक:
काका, ड्राइव्ह आणला. नऊ दिवसांत ९६ डिस्क झाल्या. १२ नंबर लावली, तिसरी घंटा वाजली, पडदा वर जायच्या आधी प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, आणि मला एकदम आमची बाहेरची खोली आठवली. बाबा त्या खोकल्यालाही ‘गप्प बसा हो’ म्हणायचे. भाऊही शेजारी येऊन बसला. आता वहीतली नावं तोच टाइप करतोय.

फक्त ७४ नंबरची दुसरी डिस्क तिसऱ्या अंकात अडकते. आयसोबस्टरनंही मधली चारेक मिनिटं येत नाहीत.

सीडीवाले_काका:
७४ चं नाव कळवा. लायब्ररीची तीन खोकी अजून घरी आहेत. माझ्याकडे तीच निघाली, तर तिच्यावरही ओरखडे असणारच, भाड्यानं फिरलेली डिस्क आहे. पण दोन्हींवर नेमके एकाच जागी असायचे नाहीत. तुमची चार मिनिटं माझ्या डिस्कमधून काढून जोडता येतील. रविवारी खोकी उघडतो.