‘उच्चदाब इंधनपंप’ वाढवला, म्हणजे नेमके काय वाढवले?

अर्थवेध:
टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या आणि ट्यून केलेल्या, म्हणजे इंजिनाची मूळ मांडणी बदललेल्या, पेट्रोल गाड्यांच्या इंधनव्यवस्थेवरील एका माहितीपुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करते आहे. त्यातील ‘हाय प्रेशर फ्युएल पंप अपग्रेड’ या शीर्षकासाठी मी ‘उच्चदाब इंधनपंपाची दर्जावाढ’ असे लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी विचारले की मूळचा पंप २०० बारचा (बार हे दाबाचे एकक) असेल, तर दर्जावाढीनंतर तो किती बारचा होतो? खरे उत्तर असे आहे की तो बहुधा २०० बारचाच राहतो, आणि वाढते ते त्याने प्रत्येक ठोक्याला पुढे ढकललेले पेट्रोल. म्हणजे वाचकाची चूक नव्हती, माझ्या शब्दाने त्याला भलतीकडे नेले. ‘उच्चदाब’ हे विशेषण इतके ठळक आहे की पंप मोठा झाला म्हणजे दाब मोठा झाला, असेच वाटते. दाब तोच राहून पुरवठा वाढला, हे शीर्षकातच कळावे असा शब्द मराठीत आहे का?

तेलकट हात:
कार्यशाळेत आम्ही ‘मोठा पंप टाकला’ एवढेच म्हणतो आणि त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. मात्र तुमच्या स्नेह्यांचा प्रश्न मला तितका चुकीचा वाटत नाही. या गाड्यांत दोन पंप असतात. टाकीतला विजेवर चालणारा पंप साधारण ५ बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो, आणि इंजिनावरचा दुसरा पंप कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्याच्या उंचवट्यांवर (कॅमवर) चालून तेच पेट्रोल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, शेकडो बारपर्यंत दाबतो. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये उघडतो, त्यामुळे त्याला वेळ फार थोडा मिळतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर हवा आत ओढण्याचा पूर्ण ठोका अवघ्या ५ मिलिसेकंदांचा असतो. ट्यून करताना बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, वाढवला की हवा वाढते, त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल पंपाने दिले नाही की रेलमधला दाब कोसळतो, मिश्रण विरळ होते, इंजिन ठोकू लागते (मिश्रण अवेळी पेटून खडखडते) आणि पुढे पिस्टनवर बेतते. आम्हाला नोंदीत दिसतो तो दाबच, पुरवठा दिसत नाही. म्हणून मालक ‘दाब पडतोय’ अशी तक्रार घेऊन येतो आणि ‘दाब वाढवून द्या’ म्हणतो.

त्यातून काय होते तेही सांगतो. एका ओळखीच्या माणसाने हे बोलणे अक्षरशः घेतले, पंप जुनाच ठेवला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दाबाचे लक्ष्य तेवढे वाढवले. इंजिनाची पेट्रोलची गरज तेवढीच होती आणि पंपही तेवढाच होता, त्यामुळे दाब लक्ष्याच्या खाली पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागला. मोठ्या पंपाने दाब वाढत नाही, दाब टिकतो. मला विचाराल तर शीर्षकात ‘टिकणे’ हे क्रियापद आले पाहिजे.

शब्दरसिक:
‘टाकला’ या शब्दाला माझी हरकत आहे. ‘पंप टाकला’ हे वाक्य छापील पुस्तिकेत आले, तर तो बसवला की फेकून दिला हे ज्याला आधी ठाऊक आहे त्यालाच कळेल. ‘बसवला’ हा चांगला शब्द हाताशी असताना तो का सोडावा?

मूळ प्रश्नाला माझे उत्तर ‘विसर्ग’ असे आहे. धरणातून सोडलेल्या पाण्याची बातमी वाचताना हा शब्द सर्वांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो, आणि ठरावीक वेळात किती द्रव बाहेर पडला हाच त्याचा अर्थ आहे. ‘दाब तोच, विसर्ग अधिक’ हे नेमके आहे आणि शुद्धही आहे. जाता जाता एक विनंती करतो. अलीकडे ‘इंधनाचा दबाव’ असे बरेच लिहिले जाते, ते कृपया टाळावे. मराठीत दाब वस्तूवर असतो आणि दबाव माणसावर येतो. रक्तदाबाला कोणी रक्तदबाव म्हणत नाही.

पाणाडी:
दाब आणि दबाव यांबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, ‘विसर्ग’ मात्र मला पटत नाही. विसर्गात साठलेले सोडून देणे आहे. दार उघडले, पाणी आपल्या भाराने गेले. हा पंप काही सोडत नाही, तो लोटतो. टाकीतल्या पंपासाठी मात्र आपल्याकडे ‘उपसा’ हा अस्सल शब्द आहे, कारण तो खालून वर काढून देतो. एकाला ‘उपसा पंप’ आणि दुसऱ्याला ‘दाब पंप’ म्हटले, तर पुस्तिकेतला निम्मा घोळ तिथेच मिटेल.

‘पंप’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात आणि आपला ‘बंब’ तिथूनच आला. आगीचा बंब हा मुळात पाणी दाबाने फेकणारा पंपच होता. पुढे बंब पाणी तापवू लागला आणि त्याची मूळ ओळख पुसली गेली, याचे मला वाईट वाटते. एके काळी आपल्याकडे या यंत्राला दोन अक्षरांचा रुळलेला शब्द होता.

जुनी वही:
मी अनेक वर्षे यंत्रशाळेत शिकवले. माझ्या मते शीर्षकात परिणाम सांगण्याऐवजी कारण सांगावे, म्हणजे ‘मोठ्या दट्ट्याचा इंधनपंप’. प्रत्यक्षात बदलतो तो दट्ट्याच, म्हणजे पंपात पुढेमागे सरकून पेट्रोल लोटणारा दांडा. व्यास ८ मिलिमीटरवरून १० मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, आणि तेवढ्याच सरकण्यात सुमारे ५६ टक्के अधिक पेट्रोल लोटले जाते. व्यास केवळ दोन मिलिमीटरने वाढतो आणि पुरवठा दीडपटीच्या वर जातो, हे वर्गात मांडताना मला दर वेळी आनंद व्हायचा.

या हिशेबाची दुसरी बाजू शब्दांच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. २०० बारला ८ मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे १०० किलोचा जोर येतो आणि १० मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे १६० किलोचा. हा जोर पंपाखाली कॅमवर टेकणाऱ्या रोलरला किंवा टॅपेटला आणि कॅमच्या उंचवट्याला सोसावा लागतो. म्हणून मोठा पंप बसवल्यावर ते भाग वेळोवेळी उघडून पाहणे आवश्यक ठरते. म्हणजे दाब वाढला नाही, तरी जोर वाढला. बोलीत आपण दोन्हींना ‘दाब’च म्हणतो आणि तिथे फसतो. अनुवादात दाब आणि जोर हे दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

तेलकट हात:
गुरुजी, हिशेब अगदी बरोबर आहे, पण ‘दट्ट्या’ म्हटल्यावर माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर पिचकारी येते. पंपातल्या भागाला सगळे प्लंजर म्हणतात. शिवाय पुरवठा वाढवायला प्लंजरच बदलावा लागतो असेही नाही. जास्त उंचवट्याचा कॅम बसवला, तर तोच प्लंजर लांब सरकतो आणि जास्त पेट्रोल देतो. त्या वेळी तुमचे शीर्षक खोटे ठरेल.

जुनी वही:
पिचकारी डोळ्यांसमोर येत असेल तर उत्तमच आहे, कारण हा पंप म्हणजे कॅमने चालणारी पिचकारीच आहे. जो शब्द यंत्राचे काम दाखवतो, तो केवळ कानांना नवा वाटतो म्हणून सोडू नये. कोणाच्या मागे दट्ट्या लावणे म्हणजे काय, हे त्या मुलांना विचारून पाहा. शब्द त्यांना माहीत आहे.

अर्थवेध:
आपणा सर्वांची आभारी आहे. सध्या मी ‘इंधनपंपाची क्षमतावाढ: दाब टिकवण्यासाठी वाढीव पुरवठा’ असे करून पाहते आहे. आता अडचण ‘ट्यून केलेली गाडी’ या शब्दांची आहे. पुस्तिकेत पुढे इथेनॉलमिश्रित इंधनाचा भाग येतो. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला बूस्ट न वाढवताही सुमारे ३० ते ४० टक्के अधिक पुरवठा लागतो, आणि त्यालाही मूळ लेखक ट्यूनच म्हणतात.

शब्दरसिक:
‘क्षमतावाढ’ पुन्हा संदिग्ध आहे, कारण दाबाचीही क्षमता असते. ‘ट्यून’साठी आपला शब्द ‘लावणे’ हा आहे. तंबोरा लावतात, रेडिओवर स्टेशन लावतात. तारेचा ताण योग्य जागी आणणे हीच कल्पना ‘ट्यून’च्या मुळाशीही आहे, कारण तो शब्द ‘ताण’ या अर्थाच्या ग्रीक ‘टोनोस’पर्यंत जातो.

पाणाडी:
तंबोरा लावला म्हणजे तो सुरात आला, पण गाडी लावली म्हणजे ती उभी करून ठेवली. ‘लावलेल्या गाडीचा पंप मोठा करणे’ हे वाचून कोणाला काय कळेल? ‘जुळवलेली’ म्हणावे.

तेलकट हात:
‘जुळवलेली’ ऐकून मला सुटे भाग जोडून उभी केलेली गाडी वाटते. ट्यून हा शब्द राहू द्यावा.

शब्दरसिक:
‘इंजिन लावले’ म्हटले तर? इंजिन कोणी उभे करून ठेवत नाही.