‘जॉइन’ संस्कृतातून आला, हे किती दिवस ऐकायचे?

व्युत्पन्न: ‘जॉइन’ हे क्रियापद म्हणजे आपल्या ‘योग’ शब्दाचा अपभ्रंश, असा लेख काल येथे आला आणि त्याखाली कौतुकाचा पाऊस पडला, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे. लॅटिन ‘युंगेरे’पासून फ्रेंच ‘ज्वांद्र’ झाले आणि फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, १३०० च्या सुमारास, ते इंग्रजीत रुळले. या वाटेत संस्कृत कोठेही लागत नाही. लॅटिन ‘युंगो’ आणि संस्कृत ‘युनक्ति’ यांत मध्येच शिरणारा ‘न’ सारखा दिसतो, तो दोघींना एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला म्हणून. ही कल्पना संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्येच कलकत्त्यात मांडली होती.

दक्षिणतीर: जिचा एक शिलालेखही नाही तिला आई म्हणायचे आणि ऋग्वेद हाताशी असलेल्या संस्कृताला मावशी ठरवायचे, हा कोणता न्याय? दोन्हींचा अर्थ जोडणे हाच आहे ना?

व्युत्पन्न: तोही सरळ नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘युजिर् योगे’ (जोडणे) आणि ‘युज समाधौ’ (चित्त एकाग्र करणे) असे दोन धातू आहेत आणि योगसूत्रांवरचे व्यासभाष्य ‘योगः समाधिः’, म्हणजे योग हा दुसऱ्या अर्थाचा, असे स्वच्छ सांगते. त्याच मुळाचा इंग्रजीतील देशी वंशज ‘योक’, म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, पण त्याच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही. आणि ‘य’चा ‘ज’ फ्रेंचांप्रमाणे आपणही केलाच. ‘यात्रे’ची ‘जत्रा’ करायला पॅरिसहून कोणी आले नव्हते.

निवृत्त लिपिक: मूळ कोठलेही असो, तो मराठीत घुसला त्याचे काय? माझा मुलगा सांगतो, ‘सोमवारी जॉइन झालो’. आमच्या कार्यालयात रुजू अहवाल दिल्याशिवाय हजेरीपटावर नाव चढत नसे. अस्सल मराठी ‘रुजू होणे’ असताना ही भीक कशाला?

व्युत्पन्न: अस्सल मराठी? ‘रुजू’ अरबी आहे, महाराज, आणि फारसीच्या हाताला धरून आपल्या दप्तरात आला.

निवृत्त लिपिक: पिढ्यान्‌पिढ्या दप्तरात नांदलेल्या शब्दाची जात काढणारे तुम्ही कोण?

व्युत्पन्न: शिवरायांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो अशाच फारसी-अरबी शब्दांना पर्याय देण्यासाठी. तो नियम तुम्हाला मान्य नसेल, तर मुलाच्या ‘जॉइन’लाही तेवढीच मुदत द्या.

दक्षिणतीर: ‘जॉइन’ ‘योग’पासून आला नाही, हे मी मान्य करतो, कारण न केल्यास लॅटिनचा आणखी एक तास सोसावा लागेल. चुलत नाते तरी ठेवता ना?

व्युत्पन्न: ते मी पहिल्याच परिच्छेदात ठेवले होते, आपण तो वाचला असता तर!

निवृत्त लिपिक: मी ‘रुजू’च लिहिणार. मुलाला काय लिहायचे ते त्याचे कार्यालय ठरवील.