बोलेरोला एचएचओ किट: रिलेचा ट्रिगर कुठून घ्यावा, तार किती जाड?

जुन्नरची_बोलेरो

गाडी २०१४ ची बोलेरो, अडीच लिटरचं कॉमन रेल टर्बो इंजिन. जुन्नर ते वाशी मार्केट अशा फेऱ्या. डिझेल वाचवणारं एचएचओ किट घेतलंय, म्हणजे विजेने पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन गॅस करून इंजिनात सोडणारं: गॅस करणारा सात प्लेटांचा ड्राय सेल, पाण्याची टाकी, गॅस पाण्यातून गाळणारा बबलर आणि करंट कमी-जास्त करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. कागदावर २० अँपिअर लिहिलंय, पण सोबतच्या तारेतलं तांबं जेमतेम दीड चौरस मिमीचं आहे आणि फ्यूज दिलेलाच नाही. "लाल तार इग्निशनच्या करंटला, काळी बॉडीला" एवढीच सूचना.

इग्निशनच्या तारेवर एवढा लोड चालेल का? रिले कोणता, फ्यूज किती, तार किती जाड? अल्टरनेटरला झेपेल का? ॲव्हरेज खरंच वाढतं का, तेही सांगा. पण आधी वायरिंग.

तारजोड

इग्निशन स्विचच्या तारेवर २० अँपिअर अजिबात टाकू नका. आतले पॉइंट जळतात, आणि ज्या दिवशी जळतील त्या दिवशी गाडी जागची हलणार नाही.

मेन करंट थेट बॅटरीच्या प्लसवरून घ्या. टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज, वॉटरप्रूफ होल्डरसकट. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या जवळच हवा. सेलजवळ लावला तर मधली सगळी तार उघडीच राहिली. पुढे ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरच्या पिनला फ्यूजकडून आलेली तार, ८७ वरून कंट्रोलरकडे, ८५ अर्थला, ८६ ला ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारा बारीक करंट. रिले कॉइलला आतून डायोड किंवा रेझिस्टर असलेलाच घ्या, नाहीतर कॉइल सुटताना येणारा झटका इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो. डायोडवाला असेल तर ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही.

तार ६ चौरस मिमी, ऑटो ग्रेडची. जाणं-येणं मिळून ४ मीटर धरा. दीड चौरस मिमीच्या तारेत २० अँपिअरला जवळजवळ ०.९३ व्होल्ट पडतात, म्हणजे सुमारे १९ वॅट नुसती तारेत उष्णता, तीही आधीच तापलेल्या बॉनेटखाली. ६ चौरस मिमीला हेच ०.२३ व्होल्ट आणि पाच वॅटच्या आत.

काळी तार बॉडीच्या पत्र्याला नको. बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिन ब्लॉकवर स्वच्छ घासलेल्या जागी. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, अर्थ बोल्टवर तर मुळीच नाही. तारेच्या टोकाचा लग पकडीने चेपून उपयोग नाही, क्रिम्पिंग टूल वापरा आणि वर हीट श्रिंक. कंट्रोलर २० अँपिअर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तोडतो-जोडतो, त्यामुळे प्लस-मायनसच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि इंजिनचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या तारांपासून लांब ठेवा.

आता ट्रिगर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. नुसत्या इग्निशनवर घेतला तर किल्ली ऑन आणि इंजिन बंद असतानाही सेल गॅस करत राहतो. तो गॅस इंजिन ओढत नाही, मग इनटेकच्या पाइपात आणि एअर फिल्टरच्या डब्यात साचतो. हायड्रोजन-ऑक्सिजन दोन्ही एकत्रच, म्हणजे ठिणगी पडायचाच अवकाश. म्हणून ट्रिगर असा हवा की इंजिन फिरलं तरच मिळेल. अल्टरनेटरच्या मागे चार्जिंग लॅम्पची बारीक तार असते, तिथून घ्या. आधी मल्टिमीटर लावून बघा: किल्ली ऑन, इंजिन बंद, तर १-२ व्होल्ट, इंजिन चालू, तर साडेतेराच्या वर. असं दिसलं तरच ती तार बरोबर. तिच्यावर एका रिलेची कॉइल एवढाच लोड, दुसरं काही नाही.

ऑइल प्रेशर स्विचवरूनही घेतात. तो स्विच प्रेशर नसताना अर्थ देतो आणि प्रेशर आल्यावर तोडतो, म्हणजे उलटा. त्यासाठी ८७ए पिनचा (कॉइलला करंट नसताना जोडलेली राहणारी पिन) आणखी एक रिले लागतो. त्यापेक्षा अल्टरनेटरची तार सोपी.

शून्य_ओहम

तारजोड यांनी सांगितलेलं सगळं बरोबर. फक्त एक भर: थंड सेल १५ अँपिअर ओढत असेल तर तास-दीड तासाने तापल्यावर तोच ३० च्या घरात जातो, कारण गरम झालं की केओएचच्या (पाण्यात टाकतात तो पोटॅशियम हायड्रॉक्साइड क्षार) पाण्यातून करंट जास्त वाहतो. मग फ्यूज उडतो, आणि माणूस ४० चा टाकतो. आग तिथून लागते. कंट्रोलरला करंट लिमिट नसेल तर तो कंट्रोलरच नव्हे.

आता ॲव्हरेज. आकडे मांडतो, तुम्हीच ताडून बघा.

सात प्लेट म्हणजे मालिकेत सहा सेल. २० अँपिअरला, एक कणही वाया जात नाही असं धरलं तरी, मिनिटाला १.३७ लिटर मिश्र गॅस होतो. त्यात हायड्रोजन सुमारे ०.९ लिटर. तो पूर्ण जळला तर १५० वॅट उष्णता मिळते आणि इंजिन त्यातले जेमतेम ४५ वॅट चाकाच्या कामी लावतं.

हे करायला लागलेली वीज १३.८ गुणिले २०, म्हणजे २७६ वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर बेल्टवर ५०० वॅट. इंजिन डिझेलमधल्या उष्णतेच्या तीसेक टक्क्यांचंच काम करतं, म्हणून त्या ५०० वॅटसाठी डिझेल जळतं तासाला साधारण १६० मिली. बदल्यात मिळालेल्या हायड्रोजनची किंमत तासाला १५ मिली डिझेल. बाकीचं १४५ मिली पाण्यात.

"हायड्रोजनमुळे डिझेल जास्त चांगलं जळतं" हा पुढचा दावा. धडधाकट डिझेल इंजिन लोडवर जवळजवळ सगळं डिझेल जाळतंच, वाचवायला फार काही उरत नाही. शिवाय २००० आरपीएमला तुमचं इंजिन टर्बो न धरताही मिनिटाला २५०० लिटर हवा ओढतं. त्यात ०.९ लिटर हायड्रोजन म्हणजे ०.०४ टक्क्याच्याही आत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी शंभराहून जास्त इंधनबचत उपकरणं तपासली आहेत. ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही सापडलं नाही.

अल्टरनेटरचं म्हणाल तर त्याच्या प्लेटवरचा आकडा जास्त आरपीएमचा असतो, आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. पावसात रात्री हेडलाइट ९, ब्लोअर १२ ते १५, वायपर ४, एसी असेल तर क्लच आणि पंखा मिळून १२: हेच चाळीसच्या आसपास होतं. त्यात हे २० टाकले की ट्रॅफिकमध्ये बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत राहते.

तरी स्वतः बघायचं असेल तर एकाच पंपावर, एकाच नोझलने, फेस बसू देऊन टाकी फुल करा. तीन टाक्या फ्यूज लावून, तीन काढून, पुन्हा तीन लावून. एका टाकीच्या हिशेबात लिटरभर चूक सहज होते, आणि "फरक पडला" म्हणणाऱ्यांचा बहुतेक फरक तिथलाच असतो.

पासिंग_पेपर

कायद्याची बाजू राहिली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. सीएनजी किट चालतं, कारण ते त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं असतं आणि आरसीवर नोंद होते. तुमच्या विक्रेत्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं, तुमच्याच मॉडेलचं मान्यतापत्र मागा. नसेल तर गाडीला आग लागल्यावर विम्याचा सर्व्हेअर बॉनेटखाली काय बघेल, याचा विचार करा.

आणखी एक. बबलरमधून केओएचचे सूक्ष्म थेंब गॅससोबत जातात. टर्बोचा कॉम्प्रेसर आणि इंटरकूलर दोन्ही ॲल्युमिनियमचे, आणि केओएच ॲल्युमिनियम खातं. टर्बोची दुरुस्ती कितीला पडते ते तुम्हाला सांगायला नको.

जुन्नरची_बोलेरो

हिशेब कळला, बसवत नाही. पण सेलमध्ये केओएच भरून बाहेर एकदा चालवून बघितलाय, तो रिकामा कसा करू? आणि ६ चौरस मिमीची तार, रिले, फ्यूज होल्डर आणून ठेवलेत, त्यांचं काय करता येईल?

तारजोड

सेल आधी. टाकीत पाण्याच्या वरच्या रिकाम्या जागेत गॅस उरलेला असतो. उघड्यावर, आसपास विडी-काडी नाही अशा जागी, टाकीत काठोकाठ साधं पाणी भरा, म्हणजे गॅस बाहेर निघून जाईल. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मग सेल प्लास्टिकच्या बादलीत, भरपूर पाण्यात रिकामा करा. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही घेऊ नका, त्यात पुन्हा हायड्रोजनच सुटतो. अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच दवाखाना.

सामान वाया जात नाही. माळशेजच्या धुक्यासाठी ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प त्याच रिलेवर बसतात. दोन्ही मिळून ९ अँपिअरच्या आसपास. फ्यूज मात्र ३० चा काढून १५ चा टाका, कारण ८७ पासून दिव्यांपर्यंत अडीच चौरस मिमीची तार न्यायची आहे आणि ३० चा फ्यूज तिला वाचवणार नाही. ८६ चा ट्रिगर अल्टरनेटरवरून नको, पार्किंग लॅम्पच्या तारेवरून डॅशबोर्डवरच्या स्विचमार्गे घ्या, म्हणजे पार्किंग बंद केलं की फॉगही बंद. दिवे बंपरच्या खालच्या बाजूला, आणि तोंड किंचित खाली.