मदत हवी आहे: गुरिया संस्थानाची १८२९ आधीची किनाऱ्यावरची हद्द

मंडळी, काळ्या समुद्राकाठच्या गुरिया या जॉर्जियन संस्थानाचा १८१० ते १८२९ या काळाचा नकाशा करतो आहे. मिंग्रेलिया आणि इमेरेतीकडच्या बाजू झाल्या, तुर्कांकडच्या बाजूला अडलो आहे.

१८१० मध्ये गुरियाचा संस्थानिक पाचव्या मामिया गुरिएलीने रशियाचं मांडलिकत्व पत्करलं, पण अंतर्गत कारभार त्याच्याकडेच राहिला. रशिया-तुर्कस्तान युद्ध संपवणाऱ्या १८२९ च्या एड्रियानोपलच्या तहातलं चौथं कलम मात्र गुरिया फार पूर्वीपासून रशियात सामील असल्यासारखं लिहितं. हा विजेत्याचा दावा आहे, म्हणून रशियाचा सरसकट रंग न देता तिरप्या रेघा मारल्या आहेत.

१८२९ नंतरची सीमा चोलोकी नदीवर, हे पक्कं. तीच रेघ १८२९ आधीच्या काळालाही लावली तर किनाऱ्यावर शंका येते. त्याच कलमात कुबान नदीच्या मुखापासून सेंट निकोलस बंदरापर्यंतचा किनारा, बंदरासह, रशियाला दिला आहे. हे बंदर आजच्या शेकवेतिलीपाशी, म्हणजे चोलोकीच्या उत्तरेला, तरी तहाने ते रशियाला द्यावं लागलं.

रशियन, फ्रेंच वाचता येतं. जॉर्जियन, उस्मानी तुर्की नाही. रशियन तारखा जुन्या पंचांगाच्या असतील तर तसं लिहा, १२ दिवसांचा फरक मी लावून घेईन.

तहाआधी सेंट निकोलसवर प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता, गुरिएलीचा की तुर्कांचा, आणि ते दाखवणारा १८२९ पूर्वीचा नकाशा कोणता?